हात न दिसणारं हातकाम

पुतळ्याच्या गालावर शिल्पकाराच्या अंगठ्याची खूण राहिली तर बघणारा तिथं थांबतो. तीच खूण मोटारीच्या दारावर राहिली तर ते दार कुणी विकत घेणार नाही. मी ही दोन्ही कामं केली आहेत. कोल्हापुरात शिल्पकला शिकलो, पुढं पुण्यात गाड्यांच्या डिझाइन स्टुडिओत क्ले मॉडेलर म्हणून बरीच वर्षं उभा राहिलो, आणि आता परत येऊन शिरोलीजवळच्या एका शेडमध्ये पंपांचे सांगाडे, ट्रॅक्टरची बॉनेटं, दुचाकीच्या टाक्या यांची मॉडेलं करतो. शिकताना गुरुजी सांगायचे, हात उमटू दे. स्टुडिओत पहिल्या आठवड्यात वरिष्ठांनी सांगितलं, हात दिसता कामा नये. दोघंही बरोबर होते. या दोन्हींना लागणारा हात एकच असतो, हे कळायला मला मात्र वेळ लागला.

आधी त्या क्लेबद्दल. गंगावेशीत किंवा शाहूपुरीच्या कुंभारवाड्यात गणपतीसाठी जी शाडू वापरतात, तिच्याशी या क्लेचं नातं जवळजवळ नाही. शाडूत पाणी असतं. पाणी उडालं की माती आकसते, तडकते. म्हणून कुंभाराचं निम्मं लक्ष ओल्या फडक्यांवर आणि सावलीवर असतं. इंडस्ट्रियल क्लेमध्ये पाण्याचा थेंबही नाही. मेण, तेल आणि बारीक दळलेली पूड एवढाच मसाला. त्या पुडीत पूर्वापार गंधक असायचं, त्यामुळे जुन्या स्टुडिओत शिरलं की पहिल्यांदा नाकालाच कळायचं. साध्या खोलीत ही क्ले इतकी टणक असते की तिला धार काढता येते, कड उभी राहते. ५५ ते ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवली की मऊ होते. वाफ्यात ओतलेला गूळ ढेपेत भरायच्या आधी ज्या अवस्थेत असतो, अगदी तशी. चटका बसेल इतकी ऊन आणि तरीही हाताचं ऐकणारी. गार झाली की पुन्हा टणक. वाळत नाही म्हणून सहा महिन्यांपूर्वी सोडलेलं काम आज पुढं सुरू करता येतं. आकसत नाही म्हणून आज घेतलेलं माप उद्याही तेच असतं. गाडीच्या कामात हा दुसरा गुण पहिल्यापेक्षा मोठा.

न वाळणारी माती मुळात गाड्यांसाठी निघाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये फ्रान्त्स कोल्ब या औषधविक्रेत्यानं ती शिल्पकारांसाठी बनवली, आणि १८९७ मध्ये इंग्लंडातल्या बाथ इथं विल्यम हार्बट या कलाशिक्षकानं आपल्या विद्यार्थ्यांसाठी. मोटारीकडं ती नेली हार्ले अर्लनं. लॉस एंजेलिसमध्ये श्रीमंतांसाठी एकेकटी गाडी बांधून देणाऱ्या घरातला हा माणूस. जनरल मोटर्सनं त्याला बोलावलं, त्यानं घडवलेली लासाल १९२७ मध्ये बाजारात आली आणि त्याच वर्षी कंपनीनं त्याच्या हाताखाली आकार ठरवणारा स्वतंत्र विभाग उघडला. तोवर आकार बहुधा लाकडात आणि ठोकलेल्या पत्र्यात शोधले जायचे. लाकडातून काढलेलं परत घालता येत नाही, पत्र्याचं मन वळवायला वेळ लागतो. क्लेमध्ये घालणं आणि काढणं दोन्ही सारखंच सोपं. डिझाइनरनं सकाळी मत बदललं तर दुपारी खांदा दहा मिलिमीटर वर सरकलेला असतो. एका मोठ्या उद्योगाचं विचार करणं या मेणा-तेलाच्या गोळ्यावर आलं ते या एका कारणानं, असं मला वाटतं.

पूर्ण आकाराच्या गाडीत सगळी क्ले नसते. तसं केलं तर वजन पेलणार नाही. आत लोखंडी आणि लाकडी सांगाडा, त्यावर कडक फोम, आणि वर साधारण २५ ते ४० मिलिमीटर क्लेचा थर. हा थर चढवणं बघणाऱ्याला हमाली वाटते. ती हमाली नाही. ऊन क्लेचा तुकडा घ्यायचा, अंगठ्याच्या मुळानं आणि तळहाताच्या टाचेनं एकाच दिशेनं ओढत दाबायचा, म्हणजे खालची हवा पुढं पळत जाते. हवा अडकली तर आज काही दिसत नाही. चार दिवसांनी स्क्रॅपर फिरवताना वरची साल पातळ होते आणि तिथं आत बसते, ती नेमकी मुख्य रेषेवर. शाडूचं डोकं बनवताना पेळू दाबून दाबून भरायची जी सवय आम्हाला लागली होती, ती इथं जशीच्या तशी कामाला आली.

मग रेक. एका बाजूला दाते आणि एका बाजूला सरळ धार असलेलं हे पोलादी हत्यार. नवा माणूस दात्यांची बाजू एकाच दिशेनं ओढत राहतो आणि पृष्ठभागावर लाटा तयार करतो, कारण हत्यार आधीच्या खड्ड्यात उतरतं आणि तो खड्डा आणखी खोल करतं. म्हणून प्रत्येक फेरी आधीच्या फेरीला तिरकी छेदत न्यायची. दात्यांच्या रेघांची जाळी झाली की पृष्ठभाग आपोआप बोलायला लागतो: जिथं रेघा पुसट तिथं खोलगा, जिथं गडद तिथं पोट. नुसत्या डोळ्यानं हे उंचसखल कधीच कळलं नसतं. ओढताना जोर मनगटात नसतो. पाय रोवून कंबरेतून शरीर मागं जातं, हात फक्त अंतर राखतात. मग लवचीक पोलादी पट्टीनं, ज्याला स्लिक म्हणतात, दात्यांच्या रेघा मिटवायच्या. पट्टी दोन्ही हातांत किंचित वाकवून धरली की हव्या त्या वळणाची होते. या टप्प्याला खोलीत कुणी फार बोलत नाही, कारण पट्टी कुठं थरथरते हे बोटांबरोबर कानानंही कळतं.

आता खरी गोष्ट: उजेड. गाडीचा आकार आपण बघत नाही, त्यावर पडलेलं प्रतिबिंब बघतो. आकाश वरून, रस्ता खालून, आणि दोन्हींच्या मधून दारावरून जाणारी उजेडाची एक लांब रेघ. ती रेघ पुढच्या चाकावरून निघून मागच्या दिव्यापर्यंत न अडखळता गेली तर गाडी तयार वाटते, थबकली तर गाडी ठोकून दुरुस्त केल्यासारखी दिसते. क्ले तपकिरी आणि मंद असते, तिच्यात प्रतिबिंब दिसत नाही. म्हणून तिच्यावर ताणता येणारी पातळ फिल्म पाण्यावर सरकवत चिकटवतात, वर लांब नळ्यांचे दिवे लावतात आणि मॉडेलर गुडघ्यांवर बसून ती रेघ वाचत पुढं सरकतो.

त्यातली सगळ्यांत अवघड जागा म्हणजे सपाटी आणि गोलाई जिथं भेटतात ती. सरळ भागाला वर्तुळाचा तुकडा चिकटवला, दोन्ही एकमेकांना अगदी बरोबर स्पर्श करत असले, तरी उजेडाची रेघ तिथं मोडते. कारण सरळ भागात वळण शून्य असतं आणि पुढच्याच बिंदूला ते एकदम पूर्ण होतं. हाताला टोक लागत नाही, पण डोळ्याला झटका बसतो. यावर इलाज एकच: वळणाला आधीपासून चाहूल द्यायची. सरळ भाग सरळ असतानाच हळूच वाकायला लागला पाहिजे, वळण चढत जाऊन शिखर गाठून उतरलं पाहिजे. संगणकावर काम करणारे याला वक्रतेचं सातत्य म्हणतात आणि आलेख काढून दाखवतात. शिल्पकार हे मानवी देहावरून शिकलेला असतो. दंडापासून खांद्यापर्यंत कंपासानं काढलेलं वर्तुळ कुठंही नाही. प्रत्येक वळण आधी सुचवलं जातं, मग येतं.

तसंच सपाटीचं. टपाचा मधला भाग पट्टी लावून अगदी सपाट केला तर तो बसलेला दिसतो, खचल्यासारखा. म्हणून त्याला किंचित पोट द्यावं लागतं, इतकं थोडं की ते पोट कुणाला दिसू नये आणि टप मात्र भरलेला दिसावा. नुसती मापं घेऊन ते ठरत नाही. मागं सरकून बघायचं, खाली बसून बघायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी पुन्हा बघायचं.

कोल्हापूर हे बीड ओतणाऱ्यांचं गाव आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल: देशभरातल्या गाड्यांचे, ट्रॅक्टरांचे, पंपांचे ओतीव भाग इथून जातात. ओतकामाच्या मुळाशी असतो पॅटर्न, म्हणजे हव्या त्या वस्तूची सागवानी किंवा ॲल्युमिनियमची प्रतिमा, जिच्याभोवती वाळू ठोकून साचा करतात. पॅटर्नमेकर वस्तूच्या मापाचा पॅटर्न कधीच करत नाही. बीड गार होताना मीटरमागं सुमारे १० मिलिमीटर आकसतं, ॲल्युमिनियम त्याहून जास्त, म्हणून त्याची पट्टीच मुळी ताणलेल्या मापाची असते. तो आजची वस्तू बघत असतो आणि उद्याची मापत असतो. आतल्या कोपऱ्यांत तो मेणाची गोल पट्टी बसवतो, कारण उभ्या-आडव्याचा टोकदार कोपरा धातूत तडा आणतो. साचा बंद करण्याआधी कोअरवर, म्हणजे आतली पोकळी राखणाऱ्या गाभ्यावर, मऊ मातीच्या गोळ्या ठेवून वरची पेटी एकदा बसवून परत उचलणारे मोल्डर मी पाहिले आहेत; गोळी किती चेपली त्यावरून भिंतीची जाडी कळते. मेण आणि मऊ माती हे आकाराला प्रश्न विचारायचं साधन आहे, हे या गावाला गाड्यांचे स्टुडिओ यायच्या आधीपासून ठाऊक होतं.

आणि इथले पुतळे. शिवाजी चौकातला शिवछत्रपतींचा पुतळा बाबूराव पेंटरांचा, कावळा नाक्यावरचा ताराराणींचा अश्वारूढ पुतळा रवींद्र मेस्त्रींचा. बाबूराव (१८९०–१९५४) मूळचे मेस्त्री. घरात सुतारकाम, कोरीवकाम. आनंदराव पेंटरांबरोबर त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा बनवायला घेतला, आनंदराव १९१६ मध्ये गेले आणि बाबूरावांनी तो पुरा केला. त्या कॅमेऱ्यावर पुढं चित्रपट निघाले. ‘सैरंध्री’ १९२० ची. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात फिल्म दर चौकटीला थांबून नेमकी तेवढीच पुढं सरकावी लागते; केसाएवढी चूक झाली की पडद्यावर चित्र थरथरतं. ती नेमकी हालचाल साधणारा माणूस चित्रं रंगवत होता, पुतळेही घडवत होता. यंत्राचा काटेकोरपणा एकीकडं आणि मातीचा जिवंतपणा दुसरीकडं, अशी वाटणी त्यानं केली नव्हती. ती वाटणी आपण नंतर केली. आज उद्यमनगरातला पॅटर्नमेकर आणि कला महाविद्यालयातला शिल्पाचा विद्यार्थी एकाच गावात राहतात आणि एकमेकांच्या कामाच्या जागेत पाय ठेवत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संगणक आला तेव्हा क्ले जाईल असं सगळे म्हणत होते. काही ठिकाणी ती कमी झाली. आज आकार आधी पडद्यावर उभा राहतो, पाच अक्षांचं मिलिंग यंत्र तो क्लेमध्ये कोरून काढतं, त्यावर माणसाचे हात फिरतात आणि बदललेला पृष्ठभाग स्कॅन होऊन परत संगणकात जातो. ही ये-जा मला चांगली वाटते. यंत्रानं कंटाळवाणी हमाली घेतली, शंका घ्यायचं काम माणसाकडं ठेवलं. पण पडद्यावर वस्तू हवी तेवढी मोठी करता येते, म्हणून तिला स्वतःचं मापच उरत नाही. चौथाई मापाचं मॉडेल टेबलावर ठेवलं तरी तोच घोटाळा: आपण ते गॅलरीतून बघितल्यासारखं वरून बघतो. ते उंच स्टँडवर डोळ्यांच्या पातळीला आणल्याशिवाय त्यावर मत देऊ नये, असं मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो. पूर्ण मापाची क्ले समोर आली की लोक आपोआप तिच्याभोवती फिरायला लागतात. फिरताना पावलं जिथं मंदावतात ती जागा मी मनात टिपून ठेवतो. तोंडानं दिलेल्या अभिप्रायापेक्षा ती पावलं जास्त सांगतात. सुरुवातीच्या दिवसांत मॉडेलची डावी बाजू एका कल्पनेची आणि उजवी दुसऱ्या कल्पनेची ठेवायची रीत आहे. मधल्या रेषेवर मोठा आरसा उभा केला की प्रत्येक अर्धी गाडी पुरी होते आणि एकाच दिवसात दोन गाड्या बघून होतात.

कोल्हापुरात हे काम करायचं तर काही गोष्टी हवामान ठरवतं. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये क्ले धार धरत नाही. कडा सकाळी लवकर काढायच्या, दुपारी फक्त भर घालायची. छिललेली क्ले फेकायची नसते, ओव्हनमध्ये परत जाते. पण तिच्यात फोमचा कण किंवा धूळ गेली की स्लिक ओढताना ओरखडा येतो, म्हणून जमिनीवर पडलेला चुरा वेगळा ठेवायचा. आणि ज्यांना मॉडेलवरून सिलिकॉनचा साचा काढायचा आहे त्यांनी गंधक नसलेलीच क्ले घ्यावी. प्लॅटिनमनं घट्ट होणारं सिलिकॉन गंधकाजवळ घट्ट होत नाही, चिकट राहतं, आणि साचा व मॉडेल दोन्ही वाया जातात. इथल्या लघुउद्योगांत हा फटका बसलेले लोक मला भेटतात. हे डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते मोठ्यानं सांगायला हवं.

उद्यमनगरातल्या एका जुन्या पॅटर्नमेकर मेस्त्रींना मी मामा म्हणतो. ते माझ्या शेडमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा एका टाकीवर फिल्म चढवून मी नळ्यांखाली रेघ वाचत होतो. ते थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “अरं, नळ्या कशाला लावतोस? डोळे मिटून हात फिरीव की.” त्यांनी फिल्म काढायला लावली, तळवा सपाट ठेवून एकदा पुढून मागं आणला आणि एका जागी थांबले. “हितं पोट आलंय.” मी पट्टी लावली. पोट होतं. तळव्याला लांबच्या अंतरावरचा फरक कळतो, बोटांच्या टोकांना जवळचा. म्हणून तळवा सरळ ठेवून संथ ओढायचा, हे त्यांनी मला दाखवलं. शिल्पाच्या वर्गात मी हेच करायचो, पुण्यात राहून विसरलो नव्हतो, पण दिव्यांनंतर ठेवलं होतं. आता आधी तळवा, मग दिवे.

गेल्या वर्षी एका पंपाच्या सांगाड्याचं काम आमच्या दोघांकडं आलं. डिझाइनरला बाजूची भिंत अगदी उभी हवी होती, उंची २०० मिलिमीटर. मामा म्हणाले, “पॅटर्न वाळूतनं सुटला पायजे. बाकी मग तुझं सगळं.” उभी भिंत वाळूला धरून राहते, पॅटर्न उचलताना साचा फाटतो, उतार द्यावाच लागतो. एका बाजूला दोन अंशांचा उतार म्हणजे एवढ्या उंचीत कड सुमारे सात मिलिमीटर आत सरकते. मी क्लेमध्ये तसं करून दाखवलं. पंप वर निमुळता होऊन दुबळा दिसायला लागला, डिझाइनरचा चेहरा पडला. त्याचं बरोबर होतं.

मग मामांनी साच्याच्या दोन पेट्या जिथं भेटतात ती रेषा तळातून उचलून भिंतीच्या मध्यावर आणायला सांगितली. आता उतार दोन्हीकडं वाटला गेला, वर साडेतीन आणि खाली साडेतीन मिलिमीटर. मध्ये पुढून मागं जाणारा एक कणा निघाला. मी तो कणा क्लेमध्ये थोडा तीक्ष्ण केला, पुढच्या बाजूला चार मिलिमीटर खाली उतरवला, वरच्या भागाला अगदी किंचित पोट दिलं. नळ्यांखाली उजेडाची रेघ त्या कण्यावर येऊन थांबत होती आणि खालच्या भागात नव्यानं सुरू होत होती. पंप एकदम नेटका आणि मजबूत दिसायला लागला.

त्यात आणखी एक फायदा होता, तो मामांना आधीपासून दिसत होता. दोन पेट्यांच्या सांध्यात नेहमी धातूचा पातळ पापुद्रा येतो आणि फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग साफ करताना, तो ग्राइंडरनं घासून काढावा लागतो. सांधा सपाट भिंतीवर असला तर ग्राइंडरवाल्याचा हात त्या भिंतीवर उमटतो, रंगाखालूनही दिसतो. कण्यावर असला तर तो धारेनं सरळ ओढत जातो आणि मागं काही राहत नाही. डिझाइनरनं ते कास्टिंग हातात घेऊन सांधा शोधला. त्याला सापडला नाही, म्हणून त्यानं आम्हाला विचारलं, आणि मामांनी त्याच्या पंपाला शोभा देणाऱ्या त्या रेषेवर बोट ठेवलं.